माणूस नाही, तिथे चेंडू!

१४ जुलै १९४६. बोस्टनच्या फेनवे पार्कवर एकाच दिवशी लागोपाठ दोन सामने. पहिल्या सामन्यात बोस्टनच्या टेड विल्यम्सने तीन होम रन ठोकले आणि एकट्याच्या बॅटवर आठ धावा वसूल केल्या. समोरच्या क्लीव्हलंड संघाचा लू बूद्रो हा खेळाडूही होता आणि मॅनेजरही. त्याने त्याच सामन्यात चार डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) आणि एक होम रन मारला, तरीही त्याचा संघ १०-११ असा हरला. मग दुसऱ्या सामन्यात विल्यम्स बॅट घेऊन आला तेव्हा बूद्रोने आपली माणसं हलवली. सहा क्षेत्ररक्षक मैदानाच्या उजव्या भागात. तिसऱ्या बेसवाला दुसऱ्या बेसच्या मागे. डावीकडच्या सगळ्या रानात एकटा लेफ्ट फील्डर, तोही बराच पुढे.

विल्यम्स डावखुरा. चेंडू उजवीकडे ओढून मारण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. बूद्रोने त्याला सरळ आव्हान दिलं होतं: डावीकडे कुणी नाही, मारून दाखव.

बेसबॉलमध्ये याला ‘ऑपोझिट फील्ड’ला मारणं म्हणतात. हे कसब कुणी कसं कमावलं आणि कुणी का टाळलं, याचे किस्से बेसबॉलच्या सव्वाशे वर्षांत जागोजागी सापडतात.

उलटी बाजू कोणती?

क्रिकेट पाहणाऱ्याला हे एका वाक्यात कळेल. उजव्या हाताने खेळणारा मिडविकेटकडे चेंडू ओढतो तो बेसबॉलमधला ‘पुल’ आणि कव्हरच्या दिशेने खेळतो तो ‘ऑपोझिट फील्ड’. म्हणजे उजव्या हाताच्या हिटरची उलटी बाजू राइट फील्ड, डावखुऱ्याची लेफ्ट फील्ड. फरक एवढाच की क्रिकेटमध्ये मागे, बाजूला, कुठेही मारता येतं. बेसबॉलमध्ये समोरच्या ९० अंशांच्या आतच चेंडू पडायला हवा. त्या कोनाबाहेर गेला की फाउल. एवढ्याशा पंख्यात सात क्षेत्ररक्षक पेरलेले असतात, शिवाय पिचर आणि कॅचर. त्यामुळे हिटरला मैदानाची एक बाजू वापरताच येत नसेल, तर प्रतिस्पर्ध्याचं काम निम्म्याने हलकं होतं.

डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच

पिचरच्या पायाखालच्या पट्टीपासून हिटरसमोरच्या होम प्लेटपर्यंतचं अंतर ६० फूट ६ इंच. ताशी ९५ मैलांनी सुटलेला चेंडू हे अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. बॅट फिरवायलाच ०.१५ सेकंद लागतात. उरलेल्या पाव सेकंदात हिटरने चेंडू ओळखायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं. बॅट गोल, तिचा सगळ्यात जाड भाग जास्तीत जास्त २.६१ इंचांचा. चेंडू आणि बॅट एकमेकांना चिकटून राहतात ते सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास.

आता गंमत पाहा. त्याच हिटरने तोच फटका काही मिलिसेकंद आधी मारला तर चेंडू ओढला जातो, काही मिलिसेकंद उशिरा मारला तर उलट्या बाजूला जातो. बॅट फिरत असते, त्यामुळे चेंडू लागतो त्या क्षणी तिचं तोंड कुठे आहे यावर दिशा ठरते. अंगाजवळचा चेंडू प्लेटच्या बराच पुढे गाठावा लागतो, तो आपसूक ओढला जातो. बाहेरच्या कडेवरचा चेंडू मात्र प्लेटपर्यंत येऊ द्यावा लागतो. तो ओढायला गेलं की बॅटचं टोक लागतं आणि इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या आसपासच्या भागात, लोळत जाणारा हातचा बळी मिळतो. चांगले पिचर दिवसभर याच लालसेवर जगतात.

आणखी एक नोंद: ओढलेले फटके जास्त करून जमिनीवरून जातात, उलट्या बाजूचे हवेतून. आणि उलट्या बाजूला उडालेला चेंडू हवेत वळत वळत फाउलच्या रेषेकडे सरकतो, म्हणून तिकडच्या आउटफिल्डरला सरळ धावून भागत नाही.

विल्यम्सचा एकुलता एक

विल्यम्सने १९४१ मध्ये ०.४०६ ची सरासरी काढली होती. दहा वेळा बॅटिंग करून तीन हिट मिळवणारा चांगला समजला जातो, यावरून ०.४०६ ची उंची लक्षात यावी. मेजर लीगच्या अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगमध्ये त्यानंतर आजतागायत कुणाही हिटरने संपूर्ण हंगामाला ०.४०० गाठलेलं नाही. अशा माणसाला बूद्रोची व्यूहरचना म्हणजे आपल्या स्वभावाला दिलेलं आव्हान वाटलं. तो बहुतेक वेळा त्या गर्दीतच मारत राहिला.

पण १३ सप्टेंबर १९४६ ला, क्लीव्हलंडमध्येच, त्याने एक चेंडू डावीकडे उडवला. लेफ्ट फील्डर पॅट सीरी नेहमीप्रमाणे खूप पुढे उभा होता. चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे गेला आणि विल्यम्स चारही बेस धावून घरी आला. सामना १-० ने जिंकला आणि त्याच दिवशी बोस्टनचं अमेरिकन लीगचं विजेतेपद पक्कं झालं. विल्यम्सच्या कारकिर्दीत ५२१ होम रन आहेत. चेंडू मैदानाबाहेर न जाता पूर्ण धावून काढलेला होम रन त्यात एकच, आणि तो हा.

पुढच्याच महिन्यात दोन्ही लीगच्या विजेत्यांमधली वर्ल्ड सीरिज आली, सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्ध. त्यांनीही गर्दी उजवीकडे सरकवली. विल्यम्सचं कोपर सरावाच्या सामन्यात चेंडू लागून सुजलं होतं. २५ वेळा बॅटिंग, पाच हिट, पाचही सिंगल (फक्त पहिल्या बेसपर्यंतचे), सरासरी ०.२००. तिसऱ्या सामन्यात त्याने मोकळ्या तिसऱ्या बेसकडे बंट केला, म्हणजे बॅट न फिरवता चेंडूला नुसता हलका स्पर्श दिला. बोस्टनच्या वर्तमानपत्रात त्या एका बंटचा मोठा मथळा झाला! एवढ्या थोर हिटरची ती एकमेव वर्ल्ड सीरिज ठरली.

तिथेच एक गुरू तयार होत होता

त्याच सीरिजच्या सातव्या सामन्यात, आठव्या डावात ३-३ अशी बरोबरी असताना, दोन बाद असताना, सेंट लुइसचा हॅरी वॉकर बॅटिंगला आला. तोही डावखुरा. त्याने चेंडू सेंटर आणि लेफ्ट फील्डच्या मधल्या फटीत, म्हणजे आपल्या उलट्या बाजूला, टाकला. पहिल्या बेसवरचा ईनोस स्लॉटर जो सुटला तो थेट घरी येऊनच थांबला. ४-३. सीरिज सेंट लुइसची. बेसबॉलच्या इतिहासात स्लॉटरची धाव अजरामर झाली, वॉकरचा फटका मात्र तिच्या सावलीत राहिला. मला हा अन्याय वाटतो, कारण या विषयातला खरा गुरू वॉकरच.

पुढच्या वर्षी, १९४७ मध्ये, वॉकर ०.३६३ च्या सरासरीने नॅशनल लीगचा सर्वोत्तम हिटर ठरला. आणि जवळपास वीस वर्षांनंतर पिट्सबर्ग पायरेट्सचा मॅनेजर असताना त्याच्या हाती मॅटी अलू पडला.

०.२३१ वरून ०.३४२!

मॅटी अलू डॉमिनिकन रिपब्लिकचा. त्याचे दोन भाऊ, फेलिपे आणि हेसुस, मेजर लीगमध्येच. १९६३ मध्ये तिघे भाऊ सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून एकाच आउटफिल्डमध्ये खेळले. मॅटी त्यांत चणीने लहान, डावखुरा. अंगात होम रनची ताकद नाही, पण चेंडू जोर लावून उजवीकडे ओढायची सवय. १९६५ ची सरासरी ०.२३१. जायंट्सनी त्याला पिट्सबर्गला देऊन टाकलं.

वॉकरने त्याच्या हातात जड बॅट दिली. मूठ थोडी वर पकडायला लावली. जड बॅट चटकन फिरत नाही, त्यामुळे चेंडू ओढायचा मोह आपोआप मोडतो. चेंडू येऊ दे, वरून खाली मार, तिसऱ्या बेसवाल्याच्या आसपास लोळव आणि पळत सुट. अलूचे पाय वेगवान होतेच.

१९६६ च्या अखेरीस मॅटी अलूची सरासरी ०.३४२, नॅशनल लीगमध्ये पहिला क्रमांक. दुसरा कोण? मोठा भाऊ फेलिपे, ०.३२७! सख्खे भाऊ पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असं मेजर लीगमध्ये आणखी कधी घडलेलं नाही. हा योगायोगाचा हंगाम म्हणावा तर पुढची तीन वर्षं बघा: ०.३३८, ०.३३२, ०.३३१. १९६९ मध्ये त्याचे २३१ हिट लीगमध्ये सर्वाधिक होते. उलट्या बाजूला मारणं हे जन्मजात देणं असतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी या आकड्यांकडे पाहावं. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी हा माणूस नव्याने शिकला आणि शिखरावर गेला.

शिकवणारे कसे शिकवतात?

सुरुवात टी-पासून. कमरेएवढ्या उंच रबरी दांड्यावर चेंडू ठेवायचा आणि तो दांडा प्लेटच्या बाहेरच्या कडेला, नेहमीपेक्षा मागे, कॅचरच्या बाजूला सरकवायचा. आता हिटरने पुढचा खांदा उघडायचा नाही. बॅटची मूठ आधी चेंडूकडे न्यायची, कोपर बरगडीजवळ ठेवायचं, बॅटचं टोक मागून येऊ द्यायचं. याला ‘इनसाइड-आउट’ म्हणतात. खांदा आधी उघडला की दांड्यालाच फटका बसतो आणि रबराचा ठप्प आवाज येतो. चूक कुणी सांगावी लागत नाही.

मग कोच जवळून, जाळीआडून, हळू चेंडू टाकतो. उजव्या हाताच्या हिटरला सांगितलं जातं की दुसऱ्या बेसवाल्याच्या डोक्यावरून मार. सामन्याआधीच्या बॅटिंग प्रॅक्टिसमध्येही जुन्या रिवाजाप्रमाणे पहिले काही चेंडू बंटला आणि उलट्या बाजूला द्यायचे, ताकद नंतर. यामागे संघाचा विचारही आहे. दुसऱ्या बेसवर आपला माणूस असेल तर उजवीकडे गेलेला साधा लोळता फटकासुद्धा त्याला तिसऱ्या बेसवर पोहोचवतो.

या शिकवणीचा आणखी एक मोठा माणूस चार्ली लाऊ. स्वतःची कारकिर्दीची सरासरी ०.२५५, आणि पुस्तक लिहिलं ०.३०० मारायच्या कलेवर! कॅन्सस सिटीत त्याच्या हाताखाली चाचपडणारा तरुण जॉर्ज ब्रेट संपूर्ण मैदान वापरायला शिकला. १९८० मध्ये ब्रेटची सरासरी होती ०.३९०.

आद्य पुरुष: पाच फूट चार इंच

हे सगळं सुरू कुणी केलं म्हणाल, तर विली कीलरकडे बोट दाखवावं लागेल. उंची जेमतेम पाच फूट चार इंच, बॅट आखूड, मूठ वर. यशाचं रहस्य विचारलं तेव्हा त्याने दिलेलं उत्तर बेसबॉलमध्ये म्हण होऊन बसलं: जिथे माणसं नाहीत तिथे मारा. १८९७ मध्ये त्याची सरासरी ०.४२४ होती आणि लागोपाठ ४४ सामन्यांत त्याने किमान एक हिट मिळवला. तो विक्रम १९४१ मध्ये जो डिमॅजिओने मोडेपर्यंत टिकला.

साडेपाच नंबरची फट

बेसबॉलच्या स्कोअरबुकात तिसऱ्या बेसवाल्याचा क्रमांक ५, शॉर्टस्टॉपचा ६. दोघांच्या मधली जागा म्हणजे ‘५.५’. सॅन डिएगोच्या डावखुऱ्या टोनी ग्विनने या फटीवर आपलं नाव कोरलं. पाद्रेस या एकाच संघाकडून २० हंगाम, ३,१४१ हिट, सरासरी ०.३३८, लीगमध्ये आठ वेळा अव्वल. दहा हजारांहून अधिक वेळा बॅटिंगला येऊन तो स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद झाला, फक्त ४३४ वेळा. त्या काळचा सर्वात धूर्त पिचर ग्रेग मॅडक्स १०७ वेळा त्याच्यासमोर आला, एकदाही त्याला स्ट्राइकआउट करू शकला नाही.

१९८३ मध्ये त्याचा फॉर्म हरवला तेव्हा त्याने पत्नी अ‍ॅलिशियाला टीव्हीवरचे सामने व्हिडिओ कॅसेटवर घ्यायला सांगितले आणि आपला फटका पुन्हा पुन्हा पाहून चूक शोधली. संघांकडे व्हिडिओच्या खोल्या नव्हत्या तेव्हाची ही गोष्ट. ‘कॅप्टन व्हिडिओ’ हे नाव त्याला तिथूनच चिकटलं.

आता खरा मासला. १९९२ चा ऑल-स्टार सामना सॅन डिएगोत झाला. टेड विल्यम्स मूळचा त्याच शहरातला. म्हातारा विल्यम्स ग्विनला भेटला आणि त्याला फैलावरच घेतलं: एवढा दणकट माणूस तू, अंगाजवळचा चेंडूही डावीकडे का ढकलतोस? तो ओढ! ज्याने उलट्या बाजूला मारायचं बहुतेक वेळा टाळलं, तो उलट्या बाजूच्या बादशहाला ओढायला शिकवत होता. आणि ग्विनने ऐकलं. १९९४ मध्ये ०.३९४ वर असताना ऑगस्टमधल्या संपाने हंगामच बंद पडला. १९९४ ते १९९७ सलग चार वर्षं तो लीगमध्ये पहिला. १९९७ मध्ये वयाच्या सदतिसाव्या वर्षी ०.३७२ आणि १७ होम रन, दोन्हीकडे तितक्याच सहजतेने. ज्याच्याकडे दोन्ही बाजू आहेत, त्याला गोलंदाजी कुठे करायची हे कुठल्याच पिचरला सुचत नाही.

हिरवी भिंत आणि कोंबडी

फेनवे पार्कच्या लेफ्ट फील्डला ३७ फूट उंचीची हिरवी भिंत आहे. उजव्या हाताचे हिटर तिच्याकडे ओढायला धडपडतात. बोस्टनच्या डावखुऱ्या वेड बॉग्जने ती उलट्या बाजूने वापरली: चेंडू उशिरा गाठायचा, भिंतीवर आपटायचा, दुसऱ्या बेसवर जाऊन उभं राहायचं. या मैदानावरची त्याची सरासरी ०.३६९. प्रत्येक सामन्याआधी तो कोंबडी खायचा, हेही जगजाहीर.

सियाटलच्या डावखुऱ्या इचिरो सुझुकीचं २००४ चं वर्ष तर थक्क करणारं. २६२ हिट, जॉर्ज सिसलरचा १९२० पासूनचा २५७ चा विक्रम मोडला. त्यांपैकी २२५ नुसते सिंगल, त्यांतले कितीतरी डावीकडे टोलवलेले.

एकाच सीरिजचे दोन फटके

२००१ ची वर्ल्ड सीरिज, न्यूयॉर्क यँकीज विरुद्ध अ‍ॅरिझोना. चौथा सामना दहाव्या डावात गेला आणि मध्यरात्र उलटून १ नोव्हेंबर उजाडला. यँकीजच्या, उजव्या हाताच्या डेरेक जीटरने ब्युंग-ह्युन किमचा चेंडू राइट फील्डच्या कुंपणापार केला. उलट्या बाजूचा होम रन, सामना खलास.

तीन दिवसांनी सातवा सामना. शेवटचा डाव, बरोबरी, सगळे बेस भरलेले, समोर पिचर मारियानो रिव्हेरा. यँकीजचे इनफिल्डर धाव रोखायला पुढे सरकलेले. अ‍ॅरिझोनाचा डावखुरा लुइस गोन्झालेझ आला. त्या हंगामात त्याने ५७ होम रन मारले होते. पण त्या क्षणी त्याने मूठ वर पकडली आणि रिव्हेराचा चेंडू अलगद उलट्या बाजूला उडवला. तो शॉर्टस्टॉपच्या डोक्यावरून मागे गवतावर पडला. शॉर्टस्टॉप होता जीटर. विजेतेपद अ‍ॅरिझोनाचं.

जीटरचा हिशेब २५ सप्टेंबर २०१४ ला पूर्ण झाला. घरच्या मैदानावरची त्याची अखेरची बॅटिंग, पहिलाच चेंडू, राइट फील्डला सिंगल, बॉल्टिमोरवर ६-५ ने विजय. तेरा वर्षांनंतरही तोच फटका.

नियम बदलला, गरज गेली?

बूद्रोची युक्ती संगणकाच्या काळात घरोघरी पोहोचली. २०२२ मध्ये तर मेजर लीगमधल्या जवळपास एक तृतीयांश बॅटिंगच्या वेळी इनफिल्डर एका बाजूला जमलेले असत. हिटर मात्र उलट्या बाजूला मारायला शिकण्याऐवजी त्या गर्दीच्या वरून होम रन मारायला लागले.

१ एप्रिल २०१८ चा बॉल्टिमोरमधला प्रसंग तर फारच बोलका. मिनेसोटा ७-० ने पुढे, नववा डाव, त्यांच्या होसे बेरिओसने तोवर एकच हिट दिलेला. बॉल्टिमोरचा डावखुरा चान्स सिस्को आला तेव्हा मिनेसोटाने इनफिल्ड उजवीकडे सरकवलं. सिस्कोने तिसऱ्या बेसकडच्या ओसाड जागेत बंट केला आणि पहिल्या बेसवर पोहोचला. सामन्यानंतर मिनेसोटाचे खेळाडू नाराज! सामना हातातून गेला असताना बंट करणं शोभत नाही म्हणे. माझ्या मते सिस्कोचं शंभर टक्के बरोबर होतं. जागा रिकामी सोडायची आणि तिथे मारू नका असंही म्हणायचं, हे चालणार नाही.

२०२३ पासून नियमच आला: दुसऱ्या बेसच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इनफिल्डर हवेत, आणि चौघांचेही पाय इनफिल्डच्या मातीच्या कडेच्या आत. त्या वर्षी हिट वाढले, हे मान्य. पण मला हा नियम पटलेला नाही. बूद्रोच्या प्रश्नाला वॉकर, अलू आणि ग्विन यांनी मैदानावर उत्तर दिलं होतं. ते उत्तर शिकायची सक्ती या नियमाने काढून टाकली.

तरीही एक जण शिकलेला आहे

व्हेनेझुएलाचा डावखुरा लुइस अराएझ. ताकद बेताची, वेग बेताचा, पण चेंडू तिसऱ्या बेसवाल्याच्या डोक्यावरून असा टाकतो की ग्विनची आठवण यावी. २०२२ मध्ये मिनेसोटाकडून ०.३१६, २०२३ मध्ये मायामीकडून ०.३५४, २०२४ मध्ये मायामी आणि सॅन डिएगोकडून मिळून ०.३१४, तिन्ही वर्षं आपापल्या लीगमध्ये अव्वल. सलग तीन वर्षांत तीन संघांकडून हा मान मिळवणारा तो एकमेव.

आणि शेवटची चटकदार नोंद. सरासरी, होम रन आणि आपल्या बॅटवर वसूल केलेल्या धावा या तिन्हींत लीगमध्ये पहिलं येणं म्हणजे ‘ट्रिपल क्राउन’. २०२२ मध्ये ६२ होम रन मारणारा अ‍ॅरन जज तिथवर पोहोचला होता, सरासरीत आडवा आला अराएझ. २०२४ मध्ये ५४ होम रन मारणारा शोहेई ओहतानी पोहोचला होता, सरासरीत आडवा आला पुन्हा अराएझच.

दुबईतल्या ‘बेसबॉल युनायटेड’ लीगमध्ये ‘मुंबई कोब्राज’ नावाचा संघ आहे, आणि न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत कितीतरी मराठी घरांतली मुलं लिटल लीग खेळतात. तुमचं मूल त्यांतलं असेल तर त्याच्या होम रनला टाळ्या वाजवाच. पण बाहेरच्या कडेवरचा चेंडू त्याने थांबून उलट्या बाजूला सोडला, तर त्यावेळी त्याहून मोठ्याने वाजवा.